बाजीराव रस्त्यावरच्या वाड्यांची तोंडं

वाडा बघायला येणारी माणसं थेट आत शिरतात. चौक, तुळशीवृंदावन, माडीवरचा दिवाणखाना, चार फोटो, झालं. माझं उलटं आहे. मी आधी समोरच्या फुटपाथवर उभा राहतो आणि वाडा रस्त्याकडे कसा बघतोय ते बघतो. जन्मभर नकाशे काढण्यात गेला, त्यात जुन्या घरांची मापं घ्यायची कामं बरीच वाट्याला आली, त्यातून ही खोड लागली. प्लॅन घरातल्यांसाठी असतो, एलिव्हेशन, म्हणजे घराचं समोरून दिसणारं तोंड, रस्त्यावरच्यांसाठी. मालक लोकांना भीत होता की लोकांनी आपल्याकडे बघत राहावं असं त्याला वाटत होतं, हे दर्शनी भिंत बघून पाच मिनिटांत कळतं.

यासाठी पुण्यात बाजीराव रस्त्याइतका सोयीचा रस्ता नाही. शनिवारवाड्यापासून शनिपारापर्यंत रमतगमत गेलात तरी अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात पेशव्यांची दोन घरं लागतात, वाट जराशी वाकडी केली तर त्यांच्या कारभाऱ्याचंही. एक नाहीसा झालेला वाडा लागतो आणि त्यानंतरची इंग्रजी वळणाची, सिमेंटची, काचेची सगळी पिलावळ लागते. सकाळी आठच्या आत निघावं. दुकानांची शटरं वर गेली की नजर खालीच अडकते आणि घरं असतात वर.

शनिवारवाड्याबद्दल मी नवीन काय सांगणार? १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च आला १६,११० रुपये, हे पुण्यातल्या पोराटोराला पाठ असतं. पण थोरल्या बाजीरावांनी बांधलं ते राहतं घर होतं. भोवतीचा तट पुरा झाला तो पुढे, नानासाहेबांच्या काळात. म्हणजे घर आधी आणि धास्ती मागून. तट खाली दगडी आणि वर विटांचा का, याची एक गोष्ट सांगतात: सगळा तट दगडी बांधण्याचा मान छत्रपतींचाच, म्हणून साताऱ्याहून हरकत आली आणि वरचं काम विटांत उरकलं. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यालाही शाहू महाराजांनी नापसंती दाखवली आणि ते असेपर्यंत तो दरवाजा वापरला नाही, असंही म्हणतात. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. घराचं तोंड कुठे आहे यावरून धन्याच्या मनात काय आहे ते लोक ओळखत होते, एवढं मात्र या गोष्टींवरून दिसतं.

दरवाजा जवळून बघा. प्रत्येक फळीवर ७२ अणकुचीदार खिळे, नऊ गुणिले आठ अशा ओळींत, एकेक बारा इंची. हत्तीने कपाळ लावून दार रेटू नये म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत. उजव्या फळीत दिंडी, तीही अशी की माणूस मान वाकवूनच आत जाईल. आत गेलात तरी वाडा समोर येत नाही. वाट उजवीकडे वळते आणि मग डावीकडे. आलेल्याचा वेग आधी मोडायचा आणि मग त्याला आत घ्यायचं, असा हिशेब. वर मात्र लाकडी नगारखाना, नाजूक खांबांचा. खाली खिळे आणि वर चौघडा. मला विचाराल तर पेशवाईचं एलिव्हेशन एवढंच.

२७ फेब्रुवारी १८२८ ला आत आग लागली आणि सात दिवस जळत राहिली. लाकूड तेवढं गेलं. मजले, दिवाणखाने, झुंबरं, सगळं. आज आपण तिकीट काढून बघतो ते दगडी जोती, हौद, कारंज्यांचे खळगे आणि हा तट. शनिवारवाड्याचं नुसतं तोंड उरलंय.

तिथून दक्षिणेला हाकेच्या अंतरावर नाना वाडा आहे. नाना फडणवीसांनी तो १७८० मध्ये बांधला. हा धन्याचा नव्हे, कारभाऱ्याचा वाडा. सगळी सूत्रं याच्या हातात, पण बसायची जागा एक पायरी खाली. जुना भाग बघितला की हे लगेच पटतं. दिमाख असा तो आतच, सुरूच्या झाडासारख्या घाटाच्या खांबांचा आणि रंगवलेल्या भिंतींचा. पुढे इंग्रजी अमदानीत याला दगडी इमारत जोडली गेली आणि कैक वर्षं इथे शाळा भरली. एकाच आवारात फडणिशी आणि साहेबी अशा दोन वळणांची बांधकामं शेजारी शेजारी उभी आहेत. वाईजवळच्या मेणवलीला नानांचाच दुसरा वाडा आहे, कृष्णेच्या काठी, घाटासकट. तो बघितल्यावर वाटतं की या माणसाला मोकळं बसायलाही आवडत असावं, फक्त पुण्यात ते परवडत नसावं.

पेशवाईतल्या सरदार-कारभाऱ्यांच्या वाड्यांची रीत साधारण अशीच. काळ्या दगडाचं कंबरेइतकं जोतं, त्यावर लाकडी सांगाडा, मध्ये विटा किंवा पांढरी माती, भिंत दोन-दोन हात जाड. खिडक्या वरच्या मजल्यावर. खाली रस्त्याकडे एक दार, दाराला देवडी आणि चौकटीवर गणेशपट्टी. घर मोजायचं ते खणांवर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, मग किती खणी सोपा, किती खणी माजघर, तसा सांगायचा. सगळा उजेड-वारा आतल्या चौकातून. रस्त्याशी संबंध तेवढ्यापुरता.

मी सदाशिव पेठेतल्या अशाच एका वाड्यात वाढलो. आम्ही मालक नव्हतो, मागच्या चौकातल्या दोन खोल्यांत भाडेकरू. त्या वाड्याच्या दाराचा अडसर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. दाराच्या एका बाजूला भिंतीत चौकोनी भोक होतं. दिवसा अडसर त्या भोकात ढकललेला असायचा, त्याची कडी तेवढी बाहेर. रात्री कडी धरून ओढला की तो घरंगळत दारामागून पलीकडच्या भिंतीतल्या खाचेत जाऊन बसायचा. अडसर ओढलेला असताना आम्ही पोरं त्या भोकात हात घालायचो. खांद्यापर्यंत गेला तरी शेवट लागायचा नाही. आत गार, आणि बोटांना सुतारपक्ष्याने टोचल्यासारखे लाकडाचे सल लागायचे. भिंत किती जाड असते हे मी कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. पुढे नकाशावर दोन रेघांमध्ये भिंत काळी करताना तोच हात आठवायचा.

अप्पा बळवंत चौकात वाडा शोधू नका, नाही. नाव अप्पा बळवंत मेहेंदळे या सरदारांचं. त्यांचे वडील बळवंतराव १७६० साली पानिपतच्या मोहिमेत पडले. वाडा इथेच होता. आता पुस्तकांची दुकानं, जूनमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि कॉलेजची मुलं चौकाला 'एबीसी' म्हणतात. माझी काहीच तक्रार नाही. वाड्यामागे निदान नाव राहिलं, तेही पत्ता सांगायच्या कामी येतं. बाकीच्या कितीतरी सरदारांना तेवढंही मिळालं नाही.

पुढे लक्ष्मी रस्ता ओलांडला की उजव्या हाताला विश्रामबागवाडा. इथे मात्र थांबा. समोर तुळशीबागेच्या बाजूला उभे राहा, फेरीवाल्यांनी हाकललं तर चार पावलं सरका, पण थांबा.

रस्ता थोरल्या बाजीरावांच्या नावाचा आणि वाडा दुसऱ्या बाजीरावांचा, ही पुण्याची आपली गंमत. शनिवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांच्यात पाऊण शतकाचं अंतर. पण बघताना वाटतं की ही एका घराण्याची घरं नव्हेतच. इथे तट नाही, बुरूज नाही, खिळे नाहीत. दगडी जोतं आहे, आणि त्यावर रस्त्यालगत पुढे आलेला कोरीव लाकडी सज्जा, सगळ्या लांबीभर. खांब सुरूचे: बुडाशी पाकळ्या, मध्ये फुगवटा आणि वर निमुळते होत गेलेले. सज्जाच्या खाली केळफुलं लोंबताहेत. हे घर रस्त्याकडे बघतं आणि रस्त्याने आपल्याकडे बघावं अशी त्याची इच्छाही आहे. बांधायला दोन लाख रुपये लागले. शनिवारवाड्याच्या मूळ खर्चाशी ताडून बघा, मधल्या वर्षांची महागाई धरूनसुद्धा.

हा फरक कशाने पडला? लोक म्हणतात, रावबाजी, म्हणजे हे दुसरे बाजीराव, शौकीन. असतील. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या जागेत रावबाजींना चैन पडेना, असंही म्हणतात. १७७३ च्या त्या खुनाचा ठपका रावबाजींच्या वडिलांवरच, राघोबादादांवर, होता. तेव्हा तिथे झोप लागत नसेल तर नवल नाही. माझं मत वेगळं आहे, आणि ते नकाशे काढणाऱ्याचं मत म्हणूनच घ्यावं. तारखा बघा. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला. पेशवे पळाले. ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी वसईचा तह झाला आणि ते इंग्रजांच्या फौजेसोबत परत गादीवर बसले. विश्रामबागवाड्याचं काम त्यानंतरचं, १८०७ च्या सुमारास पुरं झालं. ज्याच्या दाराशी कंपनीची तैनाती फौज आहे त्याला तट कशाला हवा? तटाचं काम दुसऱ्याने अंगावर घेतलं की सज्जा काढायला पैसे आणि जागा दोन्ही सुटतात. हा सुंदर दर्शनी भाग मला म्हणूनच कधी निखळ सुंदर दिसत नाही. दिसतो, आणि लगेच वसई आठवते.

आता जरा कारागिरी. माडीवर जायला मिळालं तर दोन खांबांमधली महिरप बोटाने वाजवून बघा. पोकळ आवाज येईल. बघणाऱ्याला वाटतं की या नक्षीदार कमानीनेच वरचा मजला तोललाय. ती काहीही तोलत नाही. वजन जातं कडीपाटावरून, म्हणजे लाकडी छतावरून, तुळईवर, म्हणजे खांबांवरच्या आडव्या जाड लाकडावर, तुळईवरून खांबाच्या माथ्यावरच्या आधाराच्या हातांवर, तिथून खांबात आणि खांबाखालच्या दगडी तळखड्यात. महिरप म्हणजे खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात बसवलेल्या कोरीव फळ्या. दोन बाजूंच्या दोन फळ्या मध्ये येऊन भेटतात, तिथे सांधा झाकायला एक फूल. जुन्या कामात ते फूल जरा कललेलं असतं, कारण शंभर-दोनशे वर्षांत तुळई अर्धा बोट खाली बसते आणि सांधा उघडतो. मापं घेताना मी आधी ते फूल बघायचो. फूल सरळ असेल तर काम नंतरचं, दुरुस्तीतलं. दर वेळी बरोबर येतं असं नाही, पण बहुतेकदा येतं.

दुरुस्ती इथे झालीच आहे. रावबाजी या वाड्यात अकरा वर्षं राहिले, मग १८१८ आलं आणि त्यांची रवानगी कानपूरजवळ बिठूरला झाली, सालिना आठ लाखांच्या तनख्यावर. इंग्रजांनी १८२१ मध्ये वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. आजच्या डेक्कन कॉलेजचं मूळ ते. १८७९ च्या मे महिन्यात आग लागली. त्याच रात्री बुधवारवाडाही पेटला, तो गेलाच. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग वर्गणी काढून, सरकार-नगरपालिकेची भर घालून पुन्हा उभा केला. पुढे नगरपालिकेची आणि नंतर महापालिकेची कचेरी १९५९ पर्यंत इथेच होती. नाचाच्या दिवाणखान्यात कारकुनांची टेबलं. खाली पोस्ट. ज्या वाड्यांना कचेरी, शाळा किंवा पोस्ट मिळालं ते टिकले, हे मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय. नुसती माणसं राहायला असली की वाडा पडतो.

कारण माणसांची भांडणं. ती पुढे येतीलच. विश्रामबागेच्या आसपास आणि पुढे शनिपाराकडे जाताना मान वर करून चाला. पेशवाईनंतर ज्यांच्या हातात पैसा आला ते वकील, सावकार, सराफ, पेन्शनर मामलेदार. त्यांची घरं. आतून वाडाच, चौक, ओसरी, माजघर तसंच. पण बाहेरून साहेबाचं बघून आलेले. खिडकीवर अर्धगोल काचपट्टी, लाल-हिरव्या-निळ्या काचांची. लाकडी कठड्याच्या जागी बिडाचा ओतीव कठडा. खांबाच्या माथ्यावर केळफूल जाऊन ग्रीक पानं आली, गवंड्याने पुस्तकातलं चित्र बघून काढलेली. त्यामुळे ती कोबीच्या गड्ड्याकडे झुकतात. मला हीच घरं सगळ्यात आवडतात. यांना कुणाची भीती नाही आणि फार मोठी ऐटही नाही. गणपतीच्या मिरवणुकीला गॅलरीत बसायला जागा हवी, पाव्हण्यांना घर दाखवता यावं, बस.

मग १९३० च्या आसपास सिमेंट आलं. कोपऱ्यावरच्या इमारतीचा कोपरा गोल झाला, खिडक्यांवर आडवी छज्जापट्टी, जिन्यात उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी, माथ्यावर गिलाव्यात ॐ आणि खाली शके. चौक गेला. घराने पहिल्यांदाच सगळा उजेड रस्त्याकडून घेतला. त्यावर तासभर बोलता येईल, पण लोक कंटाळतात असा अनुभव आहे.

१९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी गोठली. आमच्या दोन खोल्यांचं भाडं वडील मनीऑर्डरने पाठवायचे, मालक त्याच वाड्यात पुढच्या चौकात राहत असताना. हातात दिलं तर पावती देत नाहीत म्हणून. मनीऑर्डरची पोचपावती तरी राहते. मालकांचंही चूक म्हणता येत नाही. त्या भाड्यात कौलं शेकारणंसुद्धा निघत नव्हतं. छप्पर गळायचं, पांढरी माती पाणी प्यायची, भिंतीला पोट सुटायचं आणि टेकू लागायचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकडच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या. आमचा वाडा उंचावर म्हणून वाचला. पुढची तीसएक वर्षं टेकूवर उभा राहिला.

शिवाय रस्तारुंदी. याबद्दल कुणी बोलत नाही. रस्ता रुंद करायचा तर घराचा पहिला खण कापायचा, आणि तोच तर दर्शनी भाग. जुन्या पेठांत अशी घरं ओळखू येतात: रस्त्यावर एकदम आतल्या वळणाचा खांब उभा दिसतो, किंवा भिंतीत रस्त्याच्या बाजूला कोनाडा दिसतो. रस्त्याच्या भिंतीला कोनाडा कोण काढेल? तो माजघराचा कोनाडा. समई ठेवायची जागा, आता त्यात मोबाईल रिचार्जची पाटी. ज्या घराने शंभर वर्षं रस्त्याला पाठ दिली त्याचं पोट असं उघडं पडलं.

आमचा वाडा शेवटी पाडला. सागाचे खांब ट्रकमधून गेले, बहुतेक कुणाच्या तरी फार्महाऊसमध्ये लागले असतील. भाव चांगला येतो. जागेवर सहा मजली इमारत, तळाला पार्किंग, रस्त्याच्या बाजूला सरकतं लोखंडी फाटक. आम्हाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि लिफ्टही, त्यामुळे रडगाणं गाणार नाही. आईने शेवटची वर्षं गळक्या छपराखाली काढली नाहीत.

बिल्डरला ठाऊक होतं की मी नकाशे काढतो. एक दिवस म्हणाला, "काका, एलिव्हेशनला जरा वाड्याचा टच द्या ना. सदाशिव पेठ आहे, गिऱ्हाईकाला आवडतं." म्हणजे फायबरची महिरप, काँक्रीटला स्क्रूने डकवायची. माझ्याबरोबर काम करणाऱ्या आर्किटेक्ट पोरीला हसू आवरेना. "काका, खोटी महिरप!" मी तिला विश्रामबागेत नेऊन ती पोकळ आवाजाची महिरप वाजवून दाखवली. तीही वजन घेत नाही, ही पण घेणार नाही. मग एकीला कला आणि दुसरीला खोटी कशी म्हणायचं? तिने उत्तर दिलं ते मला पटलं. म्हणाली, "तिथल्या सुताराला निदान तुळई कुठे आहे ते माहीत होतं."

महिरप मी काढून दिली. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीला, तुळई आहे तिथेच. सुरूचे खांब मात्र होऊ दिले नाहीत. त्यांच्या जागी पावसाच्या पाण्याचे पाइप येत होते आणि फायबरच्या नळकांड्यात पाइप लपवायचा त्याचा बेत होता. पाइप उघडाच ठेवायला लावला, राखाडी रंग देऊन. एलिव्हेशनवर माझी सही नाही, बिल्डरच्या माणसाची आहे.